मॅट्रिकची पुस्तके गॅझेटात

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याच्या जुना गंज पेठेतील एका व्यापाऱ्याने, शेतकऱ्याने आणि नगरपालिकेच्या सभासदाने हंटर शिक्षण आयोगासाठी एक इंग्रजी निवेदन लिहून दिले. निवेदनकर्ता म्हणजे महात्मा जोतीराव फुले. आपल्या घरांतून आणि सभांतून या निवेदनाचा उल्लेख वारंवार होतो. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, रयतेच्या घामातून आलेला पैसा रयतेच्या मुलांवर खर्च करा, या मागण्या आपल्याला पाठ आहेत. मात्र त्याच निवेदनात उच्च शिक्षणाविषयी जी मोजकी वाक्ये आहेत, त्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही. जोतीराव तेथे दोन साध्या गोष्टी मागतात. मॅट्रिकच्या परीक्षेच्या विषयांची पुस्तके मद्रास आणि बंगालप्रमाणे सरकारी गॅझेटात प्रसिद्ध करावीत, ही पहिली. खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्याला विद्यापीठ प्रवेश परीक्षेला बसू देते ही कृपाच आहे, तर तीच सवलत बी. ए., एम. ए. पर्यंत वाढवावी, ही दुसरी.

गॅझेट म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून फिरणारे पत्र. त्यात कोणी वाङ्मय वाचण्याच्या हेतूने डोकावत नाही. मग पुस्तकांसाठी जोतीरावांना तेच का सुचले असावे? या मागणीचा अर्थ नेमलेल्या पुस्तकांच्या जाहीर नोंदीपुरता धरला तरी तिचे वजन कमी होत नाही. परीक्षेला काय लागते हे ज्याला आधी कळते, तो निम्मी परीक्षा तेथेच उत्तीर्ण होतो. ज्याचा थोरला भाऊ, मामा किंवा शेजारी महाविद्यालयात गेलेला आहे, त्याला ते घरबसल्या कळते. ज्याच्या पंचक्रोशीत कोणीच गेलेले नाही, त्याला सांगणार कोण? सरकारने सांगावे, असे जोतीरावांचे म्हणणे होते. त्याच निवेदनात त्यांनी नोंदवले आहे की महार-मांगांची वस्ती पाच हजारांहून अधिक असलेल्या पुण्यात त्यांच्यासाठी एकच शाळा आहे आणि तिच्यात तीसपेक्षा कमी मुले येतात. अशा शहरात राहून ते मॅट्रिकच्या पुस्तकांचा विचार करत होते. पायाच नसताना कळसाची चिंता कशाला, असे त्यांच्या काळच्या एखाद्या शहाण्याने नक्कीच विचारले असेल.

या मागणीचा इंग्रजी साहित्याशी फार जवळचा संबंध आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. या विद्यापीठाच्या दारावरचा पहारेकरी म्हणजे इंग्रजी. गणितात, इतिहासात कितीही गती असली तरी इंग्रजीत अडखळणारा मुलगा पुढे जात नसे. आणि त्या काळी इंग्रजी याचा अर्थ बोलचाल किंवा पत्रव्यवहार एवढाच नव्हता. पुढच्या पायऱ्यांवर शेक्सपिअर, मिल्टन, बेकन, गोल्डस्मिथ उभे होते. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या ग्रंथात दाखवून दिले आहे की इंग्रजी साहित्य हा शाळा-महाविद्यालयांत शिकवण्याचा विषय म्हणून खुद्द इंग्लंडमध्ये रुजण्याआधी हिंदुस्थानात रुजला. धर्मप्रसाराचा आळ न येता राज्यकर्त्यांचे नीतिसंस्कार प्रजेवर करण्याचे ते साधन होते. हा निष्कर्ष मला पटतो, पण आपल्या लोकांच्या बाबतीत तो अर्धाच लागू पडतो. जोतीरावांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकून टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी भाषेला आईचे स्थान दिले. साहेबाने मुलांना आज्ञाधारक करण्यासाठी जे कपाट उघडले, त्यातून यांनी भलतेच पुस्तक उचलले. कपाटाजवळ पोहोचणे, एवढाच काय तो प्रश्न होता.

आणि तेथे नुसते पुस्तक मिळूनही भागत नसे. लंडनच्या वाचकासाठी लिहिलेला निबंध नगर जिल्ह्यातील मुलाला समजावा कसा? त्यासाठी टिपांची पुस्तके निघू लागली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील रो आणि वेब या प्राध्यापकांनी इंग्रजीच्या अभ्यासासाठी मार्गदर्शक लिहिले. आग्रा कॉलेजचे माजी प्राचार्य डायटन यांनी शेक्सपिअरच्या नाटकांच्या सटीप आवृत्त्या मॅकमिलन कंपनीसाठी तयार केल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील सेल्बी यांनी बेकन आणि बर्क यांच्यावर टिपा लिहिल्या. मूळ मजकूर शंभर पाने आणि टिपाही तितक्याच, अशी ही पुस्तके. आजच्या गाईडचे आणि 'अपेक्षित'चे हे पूर्वज. त्यांची टिंगल करणे सोपे आहे. परंतु ज्याच्या घरी इंग्रजीचा एक शब्द बोलला जात नाही, त्याच्यासाठी टिपा हाच शिक्षक होता आणि तो शिक्षक दाम मोजून विकत घ्यावा लागत असे. मेजर कँडी आणि मोल्सवर्थ यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ पासून उपलब्ध होता. तो घरात असणे हे त्या घराच्या ऐपतीचे लक्षण होते.

या पार्श्वभूमीवर सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घराकडे पाहावे. रामजी हे लष्करी शाळेत चौदा वर्षे शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. जोतीरावांनी सरकारकडे मागितलेले काम या माणसाने आपल्या एका मुलापुरते स्वतः केले. हॉवर्ड हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. त्यांच्या नावाची इंग्रजी वाचनाची पुस्तके तेव्हा प्रचलित होती. रामजींनी भीमरावांकडून ती करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग घोकून घेतले. या पाठमालेची रीत आजच्या शिक्षणशास्त्राला मागासलेली वाटेल. मराठी वाक्य द्यायचे, त्याचे इंग्रजी करायचे. मग इंग्रजी द्यायचे, त्याचे मराठी करायचे. पण तिच्यात एक मोठा गुण होता. ती शिकवण्यासाठी शिकवणाऱ्याने इंग्रजी वातावरणात वाढलेले असण्याची गरज नव्हती. मराठी पक्के असलेला आणि शिस्त असलेला कोणताही बाप ती घेऊन मुलासमोर बसू शकत होता. अमुक प्रसंगी अमुकच शब्द का, दुसरा का नाही, हा शोध लावण्याची सवय मुलाला तेथे लागते. बाबासाहेबांच्या इंग्रजी गद्यात शब्द नेमका पडतो, त्याचे एक मूळ मला या दुतर्फा भाषांतरात दिसते.

मुंबईला आल्यावर हे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. खोलीत माणसे, भांडी, सरपण आणि धूर. भीमराव लवकर झोपत. पहाटे दोनच्या सुमारास वडील त्यांना उठवीत आणि मग चिमणीच्या उजेडात अभ्यास चाले. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, पैसे उसने घेत. प्रसंगी त्यांचे दागिने गहाण पडत आणि निवृत्तिवेतन आले की सोडवले जात. बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाच्या कथा आपण मुलांना सांगतो, तेव्हा त्या दोन बहिणींच्या दागिन्यांचाही हिशेब सांगायला हवा. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घेण्याची त्यांना मुभा नव्हती. फारसी घ्यावी लागली. म्हणजे या देशातील प्राचीन वाङ्मयाचे दार जातीने बंद केलेले आणि परदेशी वाङ्मयाचे दार, महागडे का होईना, उघडे. १९०७ साली ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून मॅट्रिक झाले. आज कुवेतमध्ये एखाद्या मुलाला अडतीस टक्के गुण मिळाले तर आपण त्याचे काय करू, हा विचार क्षणभर बाजूला ठेवू.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी ६ एप्रिल १९५६ रोजी लिहिलेली आणि मूळ आवृत्तीत न छापलेली एक प्रस्तावना आहे. साहित्य मुलांना कसे शिकवावे, यावर माझ्या मते आपल्या परंपरेतील तो सर्वांत मोलाचा मजकूर आहे, जरी तो त्या विषयावर लिहिलेला नाही. रामजी घरात मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावीत. मुलाने विचारले, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना आहे ते आम्ही का वाचायचे? वडिलांनी आधी दटावले. पुढे मात्र कारण दिले : आपण अस्पृश्य आहोत, तुमच्या मनात न्यूनगंड येणे साहजिक आहे; द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्याकडे पाहा, लहान स्थितीतून ते कोठे पोहोचले. मुलाला हे पटले नाही. त्याला भीष्म-द्रोणांत ढोंग दिसले, रामाचे वागणे आवडले नाही, आणि ते त्याने वडिलांना तोंडावर सांगितले. वडील गप्प राहत. घरात बंड आहे हे त्यांना कळत होते.

याच प्रस्तावनेत दादा केळुसकर येतात. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि ग्रंथकार. त्यांचे 'गौतम बुद्धाचे चरित्र' १८९८ साली प्रसिद्ध झाले होते. वस्तीतील लोकांना भीमरावांचा सत्कार करायचा होता. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजी तयार नव्हते. केळुसकरांनी त्यांची समजूत घातली, समारंभाचे अध्यक्षपद घेतले आणि आपले पुस्तक मुलाच्या हाती ठेवले. हा सत्कार मॅट्रिकनंतरचा, असे चरित्रग्रंथांत सामान्यतः लिहिलेले असते. बाबासाहेब स्वतः मात्र तो इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरचा म्हणून सांगतात. इतिहासकारांनी हा वाद सोडवावा. मला त्यातले 'इंग्रजी चौथी' हे दोन शब्द मोलाचे वाटतात. शाळेतील इंग्रजीच्या एका इयत्तेची परीक्षा आणि हातात मराठी बुद्धचरित्र. अभ्यासक्रमाच्या बाहेरचे हे पुस्तक वाचून झाल्यावर त्यांना पहिला प्रश्न पडला तो हाच की वडिलांनी बौद्ध वाङ्मयाची ओळख आपल्याला आधी का करून दिली नाही. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरांचा हात होता. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या मुलाची चौकशी करणारा आणि त्याला आपल्या संग्रहातील पुस्तके देणारा हा गृहस्थ म्हणजे, जोतीरावांच्या भाषेत, चालते-बोलते गॅझेट.

एका मुलाला असा बाप आणि असा शिक्षक लाभला. हजारोंना तो कोठून आणायचा? याचे उत्तर बाबासाहेबांनी संस्थांतून दिले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या आरंभी सोलापुरात वसतिगृह काढले; सभेच्या कामात मोफत वाचनालय होते आणि विद्यार्थ्यांचे 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही होते. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा वर्ग सकाळी भरत, कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करीत. 'महाविद्यालयात जाऊन शिकणे अनेकांना नाना कारणांनी अशक्य होते' हा जोतीरावांचा मुद्दा चौसष्ट वर्षांनी अशा रीतीने वेळापत्रकात उतरला. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले. तेथील प्राचार्य डॉ. म. ना. वानखडे यांनी अमेरिकेत इंग्रजी साहित्याचे उच्च शिक्षण घेतले होते. परतल्यावर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसमोर वर्डस्वर्थबरोबरच अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकही ठेवले. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' त्याच वातावरणात जन्मले आणि १९७२ साली 'दलित पँथर' हे नाव घेताना कोणाला शब्दकोश उघडावा लागला नाही. साहित्य शिकवणाऱ्याने कपाटातून कोणते पुस्तक बाहेर काढावे, याचा परिणाम कोठवर जातो ते येथे दिसते.

शाळेच्या पातळीवर चित्र इतके उजळ नव्हते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इंग्रजी आठवीवर नेली. मातृभाषेचा आग्रह तत्त्वतः योग्यच होता, पण ज्यांच्या घरी इंग्रजी होती त्यांची मुले घरी शिकत राहिली आणि आपल्या मुलांना शालान्त परीक्षेपर्यंत चारच वर्षे उरली. पुढे ती पाचवीवर आली आणि २००० सालापासून पहिलीवर. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने स्वस्त पुस्तके घरोघर पोहोचवली, हे तिचे मोठे काम. पण पुस्तकाच्या पुढे जे लागते ते खाजगी प्रकाशकांच्या गाईडांनी पुरवले. माझ्या पिढीतील विदर्भ-मराठवाड्याच्या बहुतेक मुलांनी इंग्रजी कविता आधी गाईडमध्ये मराठीतून वाचली आणि मग, वेळ उरल्यास, पुस्तकात. आज आपल्यापैकी अनेक जण कुवेतमध्ये अभियंते, तंत्रज्ञ, परिचारिका आहेत ते त्याच गाईडांच्या बळावर; म्हणून मी त्यांच्याविषयी कृतघ्न होणार नाही.

कुवेतचा इतिहासही या बाबतीत आपल्याला परका नाही. येथील व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून १९११ साली मुबारकिया शाळा सुरू केली. इंग्रजीसारखे आधुनिक विषय शिकवण्यासाठी १९२१ मध्ये अहमदिया शाळा काढावी लागली आणि परकी भाषा मुलांना बिघडवील अशी भीती तेव्हा येथेही होती. मोत्यांच्या व्यापाराने या लोकांच्या पेढ्या मुंबईत नेल्या होत्या आणि मुंबईचा व्यवहार इंग्रजीशिवाय होत नसे. १९६१ साली दिनार येईपर्यंत तर येथे रुपयाच चालत असे. तेलानंतर भारतीय कुटुंबे आली आणि त्यांच्या मागोमाग भारतीय शाळा. २ ऑगस्ट १९९० च्या आक्रमणानंतर अम्मानमार्गे एक लाखाहून अधिक भारतीय विमानांनी मायदेशी नेले गेले, तेव्हा पुस्तके मागेच राहिली. पुन्हा आलेल्यांनी ती पुन्हा सुटकेसमधून आणली. आता तो प्रश्न उरलेला नाही. सालमिया, अब्बासिया किंवा मंगफच्या सदनिकेत बसून एन.सी.ई.आर.टी.चे कोणतेही पुस्तक आणि बालभारतीचेही, सरकारी संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते. जोतीरावांनी मागितलेले गॅझेट एकशे चाळीस वर्षांनी प्रत्येक खिशात आले आहे.

मग उरले काय? त्यासाठी सी.बी.एस.ई.च्या दहावीला असलेल्या 'फर्स्ट फ्लाइट' या पुस्तकातील 'द सर्मन अॅट बनारस' हा बेट्टी रेनशॉ यांचा धडा पाहू. आपल्या मुलांच्या शालेय इंग्रजीत भगवान बुद्ध येथे भेटतात. धड्याच्या आरंभी छोटे चरित्र आहे : राजपुत्र सिद्धार्थ बाराव्या वर्षी हिंदू धर्मग्रंथांच्या अध्ययनासाठी पाठवला गेला, पुढे विवाह, पुत्र, पंचविशीच्या सुमारास शिकारीला गेला असता त्याला आजारी माणूस, वृद्ध, प्रेतयात्रा आणि भिक्षू दिसले आणि त्याने गृहत्याग केला. त्यानंतर धडा सांगतो की बनारसचे पहिले प्रवचन जतन झाले आहे व ते पुढे दिले आहे. आणि पुढे येते ती किसा गोतमी आणि मोहरीच्या दाण्यांची कथा.

ज्या घरात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहे, त्या घरातील पालकाला येथे दोनदा थांबावे लागेल. पहिले, किसा गोतमीची कथा म्हणजे पहिले प्रवचन नव्हे. पहिले प्रवचन सारनाथला पाच परिव्राजकांसमोर झाले, ते धम्मचक्रप्रवर्तन. किसा गोतमीची गोष्ट पाली परंपरेत श्रावस्तीची आहे. धड्यातील तो मजकूर पॉल कॅरस यांच्या १८९४ च्या 'द गॉस्पेल ऑफ बुद्ध' या पुस्तकातील मोहरीच्या दाण्यांच्या प्रकरणाशी जुळतो. दुसरे अधिक महत्त्वाचे. चार दृश्यांची कथा बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच प्रश्नांकित केली आहे. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत एखाद्याने आजार, म्हातारपण, मृत्यू पाहिलाच नव्हता हे बुद्धीला पटते का, असा त्यांचा सवाल आहे. त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा होतो, संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ त्याला विरोध करतात, अल्पमतात पडतात आणि कुटुंबावर बहिष्कार व जप्ती ओढवू नये म्हणून परिव्रज्या पत्करतात. एका कथेत दुःख पाहून माणूस हळवा होतो. दुसऱ्या कथेत पाणीवाटपाच्या प्रश्नावर तो सभेत उभा राहतो. महाडच्या तळ्यावर गेलेल्या समाजाने यांपैकी कोणत्या कथेकडे पाठ फिरवावी?

आणि परीक्षेत तर प्रश्न येणार : सिद्धार्थाने गृहत्याग का केला? इंग्रजीच्या ऐंशी गुणांच्या प्रश्नपत्रिकेत साहित्याला चाळीस गुण आहेत. जालावरच्या प्रत्येक फुकट उत्तरमालेत चार दृश्यांचे तेच उत्तर चार ओळींत मिळते. बहुतेक ठिकाणी वाक्यरचनाही तीच. आपल्यातील काही पालक म्हणतात, मुलाने बाबासाहेबांचे उत्तर लिहावे, गुण गेले तरी चालतील. काही म्हणतात, गुण महत्त्वाचे, घरी हा विषयच नको. मला दोन्ही मते मान्य नाहीत. प्रश्न 'धड्यानुसार' असतो, तेव्हा धड्यातील उत्तर लिहिणे ही लबाडी नव्हे. समोरचा मजकूर काय सांगतो ते नेमके मांडणे हेच त्या विषयाचे कौशल्य आहे. पण तो मजकूर कोणी लिहिला, कोणत्या परंपरेतून घेतला, त्यात काय गाळले, हे विचारणे हेही त्याच विषयाचे कौशल्य आहे आणि ते कोणतीही उत्तरमाला देत नाही. रामायण वाचायला लावणारे रामजी आणि त्यावर उलटे प्रश्न करणारे भीमराव यांच्यामध्ये जे घडले, तेवढेच येथे घडायला हवे. त्यासाठी आईवडिलांचे इंग्रजी उच्चार शुद्ध असण्याची गरज नाही. किसा गोतमी बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या आठव्या खंडातही आहे, विशाखेच्या सांत्वनाच्या शेजारी. धड्यातील उतारा आणि तो उतारा शेजारी ठेवून एका शुक्रवारी वंदनेनंतर तर्खडकरी पद्धतीने भाषांतर केले, तर दहावीचा मुलगा आणि त्याची आजी दोघेही त्यात भाग घेऊ शकतात.

बारावीच्या 'विस्टाज' या पुस्तकात बामा यांच्या आठवणींचा उतारा आहे. 'करुक्कु' या १९९२ च्या तमिळ आत्मकथनाच्या या लेखिका दलित ख्रिस्ती. गावातला एक वयस्कर माणूस खाऊची पुडी दोरीला धरून, तिला स्पर्श न करता नेताना दिसतो. लहान मुलीला गंमत वाटते आणि भाऊ खरा अर्थ सांगतो तेव्हा गंमत विझते. त्याच धड्यात अमेरिकेच्या मूलनिवासी लेखिका झिटकाला-सा यांचे केस शाळेत सक्तीने कापले जातात. हे दोन उतारे एकत्र ठेवणाऱ्या संपादकांना वानखडे सरांचे विद्यार्थी ओळखतील. कुवेतमध्ये वाढलेल्या मुलाला झिटकाला-सा यांचा प्रसंग चटकन कळतो आणि पुडीचा प्रसंग समजावून सांगावा लागतो, असा माझा परिचितांच्या मुलांशी बोलून झालेला अनुभव आहे. त्यात मुलांचा दोष नाही. तो आपल्या स्थलांतराचा एक लाभच आहे. पण समजावणारे घरात कोणी नसेल, तर मूल 'जातिभेद वाईट असतो' एवढे वाक्य उत्तरमालेतून उचलते आणि पुढे जाते.

यासाठी साधने कोठे शोधायची, असे विचारणाऱ्यांना सांगण्यासारखी जागा थोडी वेगळी आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले. ते भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेले आहेत. पारपत्राच्या कामासाठी ज्या मंत्रालयाशी आपला संबंध येतो, तेच हे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आणि 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे दोन मजकूर विद्यार्थ्यांसाठी सर्वांना खुले करून दिले आहेत. यांपैकी दुसरा मजकूर शाळेतील मुलांना थेट वाचता येतो. वाक्ये लहान, शब्द सोपे, आवाज शांत. १९३५-३६ च्या सुमारास बाबासाहेबांनी तो लिहिला तो परदेशी वाचक डोळ्यांसमोर ठेवून. अस्पृश्यता आहे हे बाहेरच्या माणसाला ठाऊक असते, पण ती जगताना कशी असते याची त्याला कल्पना नसते, म्हणून. आपल्या मुलांचे वर्गमित्र केरळचे, इजिप्तचे, फिलिपिन्सचे आहेत. ही मुले एकाच वेळी त्या परदेशी वाचकाच्या जागी आहेत आणि लेखकाच्या घरातलीही आहेत.

पहिला प्रसंग १९०१ सालचा. साताऱ्याहून निघालेली, नवे कपडे घातलेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरतात; वडिलांना पत्र मिळालेले नसते, न्यायला कोणी आलेले नसते. स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करतो आणि जात कळताच आपल्या खोलीत निघून जातो. दुप्पट भाड्यावरही गाडीवान गाडी हाकायला तयार होत नाही. मुलांनी स्वतः हाकायची आणि तो शेजारून चालणार, या अटीवर तो येतो. रात्र होते, डबा भरलेला असतो, पाणी कोठेच मिळत नाही, आणि मुले उपाशी झोपतात. शीर्षकातला 'व्हिसा' हा शब्द कुवेतमधील दहा वर्षांच्या मुलालाही समजतो. त्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्याने घरात पाहिलेले असते. जेवण भरपूर असताना ती मुले का जेवली नाहीत, हा प्रश्न मात्र तो विचारतो.